वास जाईल, मांजर नाही

येसूबाई जगतापांविरुद्धची पहिली लेखी तक्रार माझीच होती. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं सांगायला मी मोकळी.

आमची सोसायटी तरसालीत. तीन मजले, बारा घरं. दुसऱ्या मजल्यावर मी आणि समोर येसूबाई. माझ्या स्वयंपाकघराची खिडकी आणि त्यांच्या बाथरूमची खिडकी एकाच डक्टमध्ये उघडते. २०१८च्या उन्हाळ्यात त्या डक्टमधून असा उग्र दर्प यायला लागला की फोडणीतला हिंगसुद्धा त्याच्यापुढे गप्प बसायचा. मी तक्रार गुजरातीत लिहिली, कारण सोसायटीचा कारभार गुजरातीत चालतो, आणि खाली सही केली : मंदाकिनी कर्णिक, निवृत्त शिक्षिका. आमचे सेक्रेटरी मुकुंद गुप्ते अशा कागदाची वाटच बघत असावेत. चौथ्या दिवशी येसूबाईंच्या दारावर नोटीस लागली. तीस दिवसांत मांजर हलवा.

त्याच संध्याकाळी बेल वाजली. दारात येसूबाई, हातात नोटीस, बगलेत वही.

“मंदाताई, तक्रार तुमची?”

“हो,” मी म्हटलं. भांडण होणार म्हणून मी दाराची कडी धरून उभी होते.

“वास किती वाजता जास्त येतो?”

मी गोंधळले. “ऊन चढलं की. अकराच्या पुढे.”

“नुसता मुताचा, की फिनेलचाही?”

“दोन्ही.”

त्यांनी वहीत लिहून घेतलं. मग म्हणाल्या, “तक्रार खरी आहे तुमची. माझं नाक सवयीने मेलंय, मला कळत नाही. वास मी घालवते. पण मांजर घालवणार नाही, हे त्या गुप्त्यांना मी सांगीनच. तुमच्याकडून एकच पाहिजे. रोज अकरा वाजता मी हाक मारीन. दहापैकी वास किती, ते सांगायचं. भीड म्हणून कमी नाही अन् रागाने जास्त नाही.”

अशी मी ज्यांच्याविरुद्ध तक्रार केली, त्यांच्याच कामाला लागले.

येसूबाई तेव्हा सहासष्ट वर्षांच्या होत्या. त्यांचे आजोबा गायकवाडांच्या घोडदळात साधे स्वार. आमच्या घरचे लोक कचेरीत कागद लिहिणारे, त्यामुळे समोरासमोर राहूनही माझा त्यांचा संबंध ‘कसं काय, मजामा?’ एवढाच होता. त्यांची हकिकत मला त्या दोन महिन्यांत कळली. नवरा विश्वासराव मकरपुऱ्याच्या एका फाउंड्रीत मोल्डर होता. १९८४ साली काविळीने गेला, तेव्हा मुलगा हेरंब पाच वर्षांचा. कारखान्याने येसूबाईंना झाडलोटीला ठेवलं. झाडता झाडता त्या रेतीच्या लॅबमध्ये रेंगाळायच्या.

लोखंड ओतायचा साचा रेतीचा असतो. रेती धरून राहावी म्हणून तिच्यात कच्छची एक चिकणमाती मिसळतात, बेंटोनाइट. कारखान्यात तिला सगळे नुसतं ‘बेंटो’ म्हणायचे. पाणी किंवा माती चुकली की ओतलेला माल पोकळ निघतो. लॅबच्या दत्तात्रेय मास्तरांनी येसूबाईंना आधी तराजू पुसायला सांगितला, मग वजन करायला, आणि चार वर्षांत रेतीच्या तपासणीवर त्यांची सही व्हायला लागली. एकदा रेती जास्त ओली होती आणि भट्टी तयार. सुपरवायझर म्हणाला, सही करा बेन, मोडं थाय छे, उशीर होतोय. येसूबाईंनी पेनाला टोपण लावलं. “ओतायचं तर तुमच्या सहीने ओता.” त्याने ओतलं. अख्खा लॉट भंगारात गेला. पुढे सहा महिने तो त्यांच्याशी बोलला नाही, आणि त्यांनाही त्याच्याशी बोलावंसं वाटलं नाही.

मांजर त्यांच्याकडे आलं ते आमच्याच पार्किंगमधून. कोणाच्या तरी गाडीच्या चाकाखाली पिल्लाचा मागचा डावा पाय चिरडला. पाय काढावा लागला. डॉक्टर म्हणाले, ह्याला बाहेर सोडलंत तर कुत्री आठवडाभरसुद्धा जगू देणार नाहीत. म्हणून तो घरात राहिला आणि म्हणूनच त्याचं सगळं घरातच व्हायला लागलं. नाव ठेवलं रिसालदार. “आजोबांचं रिसालदार व्हायचं राहून गेलं,” येसूबाई सांगायच्या. “त्यांनी लढाई कधी बघितली नाही. ह्याने बघितली. मग मान कोणाचा?”

आता वासाचं. येसूबाईंनी शेजारच्या बांधकामावरची वाळू घमेल्यात भरून घमेलं बाथरूममध्ये ठेवलं होतं, आणि दार बंद. वाळू ओल धरत नाही, सगळं तळाशी जाऊन साचतं. वास आला की वरून फिनेल. डॉक्टरांनी हे ऐकून कपाळाला हात लावला. फिनेल मांजराला विष आहे. पायाला लागलं, त्याने चाटलं, तर जीव जाईल. फिनेलची बाटली त्याच दिवशी घराबाहेर गेली.

मग येसूबाई निजामपुऱ्यातल्या दुकानातून एक महागडी पिशवी घेऊन आल्या. मांजरांसाठीची खास माती, फुलांच्या वासाची. रिसालदारने एक पंजा आत टाकला, झटकला, आणि सरळ पायपुसण्यावर जाऊन बसला. अकरा वाजता डक्टमधून हाक आली, “मंदाताई, किती?”

“नऊ!” मी ओरडले. “अगरबत्ती लावून मुतारीत बसल्यासारखं वाटतंय!”

त्यानंतर काचेच्या खड्यांसारखे पांढरे दाणे आले. वास सहावर उतरला. पण तीन पायांवर उभं राहून उकरायचं तर दाणे पायाखालून सरकायचे आणि तो कुशीवर पडायचा. दोनदा पडला, तिसऱ्यांदा गेलाच नाही. लाकडाच्या भुश्याच्या गोळ्या आणल्या, तर त्या त्याने घरभर खेळायला नेल्या.

याच दिवसांत सुरतेहून हेरंबचा फोन आला. गुप्त्यांनी त्यालाही कळवलं होतं. फोन स्पीकरवर होता, मी समोरच बसले होते.

“आई, पांजरापोळात देऊन टाक ना त्याला. सोसायटीशी कशाला वाकडं घेतेस?”

“का? तीन पायांचा आहे म्हणून?”

“तसं नाही गं...”

“माझे दोन्ही गुडघे गेलेत, हेरंब. मला कुठे द्यायचं ठरवलंयस, तेही आजच सांग.”

तो जेवणाचं विचारायला लागला.

फोन ठेवल्यावर त्या एकदम म्हणाल्या, “मी मूर्ख आहे. दुकानदाराला काय विचारते? वीस वर्षं बेंटो हाताळली मी.” दुसऱ्या दिवशी मकरपुऱ्यातल्या जुन्या ओळखीतून फाउंड्रीच्या मातीचं पोतं रिक्षातून आलं. येसूबाईंच्या चेहऱ्यावर असा तोरा की विचारू नका. ओल लागली की ही माती फुगते, तिची घट्ट ढेप बनते, ढेप काढली की वास गेला, असं त्यांनी मला समजावलं. सगळं खरं होतं. फक्त ती माती मैद्यासारखी बारीक होती. रिसालदारने उकरलं आणि घरभर धुरळा. तो शिंकतोय, येसूबाई शिंकताहेत, ओल्या पंजांना चिखल चिकटलेला, सोफ्यावर तीनतीन पावलांचे ठसे. मी हसले. मला वाटलं, त्यांना राग येईल. त्यांनी वहीत लिहिलं, ‘चूक माझी. पूड नको, दाणा पाहिजे,’ आणि झाडू घेतला.

आता काय मागायचं ते त्यांना कळलं होतं. तीच माती, पण बारीक दाण्याची, बिनवासाची. तीन ठिकाणचे नमुने आणले. चहाच्या तीन ग्लासांत मापून घातले, वर मुताऐवजी मिठाचं पाणी ओतलं. एकाचा लगदा झाला, एक तळाशी तसाच पडून राहिला, तिसऱ्याचा असा गोळा बनला की चमच्याने अख्खा उचलता आला. तो ठरला. थर चार बोटांचा, कारण पातळ थरात ओल तळाला जाऊन चिकटते. झाकणाचा डबा नको, वास आत कोंडतो. प्लास्टिकच्या उथळ ट्रेची पुढची कड गरम सुरीने कापून खाली केली, म्हणजे रिसालदारला उडी मारायला नको. ट्रे बाथरूममधून निघून मागच्या गॅलरीत गेला, जिथे वारा लागतो. गॅलरीला जाळी बसवली. सकाळ-संध्याकाळ ढेपा काढायच्या, कागदात बांधून कचऱ्याच्या गाडीत द्यायच्या. संडासात एक दाणा टाकायचा नाही. “तिथे फुगली तर गुप्त्यांच्या घरापर्यंत पाइप तुंबेल,” त्या म्हणाल्या. आणि थोडं थांबून, “मोह होतो, पण नाही.”

आकडा चारवर आला आणि तिथेच अडला. तीन, चार, पुन्हा चार. एका सकाळी त्यांनी मला बोलावून बाथरूमची भिंत दाखवली. पांढऱ्या टाइल्सवर पिवळसर ओघळ. रिसालदार वयात आला होता आणि भिंतीवर आपली हद्द आखत होता. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, “ऑपरेशन करावी लो, माजी,” नसबंदी करून घ्या म्हणून, आणि येसूबाईंनी ते कानाआड केलं होतं.

त्या संध्याकाळी त्या जिन्यात बसल्या होत्या. मी शेजारी जाऊन बसले.

“एक पाय गेला त्याचा,” त्या म्हणाल्या. “आता आपण होऊन पुन्हा चाकूखाली घालायचं? नोटीस आली म्हणून?”

“नोटिशीसाठी नका करू,” मी म्हटलं. “डॉक्टर काय म्हणाले?”

“म्हणाले, न केल्यास बाहेर पळायला बघेल. जाळी फाडून गॅलरीतून उडी मारेल.” त्या उठल्या. “मग त्याच्यासाठी करते. नोटिशीसाठी नाही.”

मेच्या दुसऱ्या आठवड्यात ऑपरेशन झालं. मुताचे जुने डाग साबणाने जात नाहीत. डॉक्टरांकडून आणलेल्या औषधाने त्यांनी टाइल्स आणि सांधे घासून काढले, पायपुसणं टाकून दिलं. बोक्याच्या अंगातला तो दर्प ओसरायला आणखी काही आठवडे लागले. जूनमध्ये एक दिवस अकराला हाक आली. मी खिडकीला नाक लावलं. कोणाकडे तरी तूरडाळीला फोडणी पडत होती. बाकी काही नव्हतं.

“शून्य,” मी म्हटलं.

“नीट बघा.”

“बघितलं. शून्य.”

जूनच्या शेवटच्या रविवारी पार्किंगमध्ये मीटिंग झाली. नोटिशीची मुदत कधीच संपली होती. मी ठरवून गेले होते की तक्रार मागे घ्यायची. तसं येसूबाईंना जिना उतरताना सांगितलं, तर त्या थबकल्या.

“मागे घेऊ नका. वास होता. खोटं कशाला पाडता स्वतःला? वास गेला, एवढं सांगा.”

मी तेवढंच सांगितलं. गुप्ते म्हणाले, प्रश्न वासाचा नाही, शिस्तीचा आहे. आज मांजर, उद्या कोणी बकरी आणेल. त्यांनी ठराव वाचला : सोसायटीत कोणी जनावर पाळू नये. हात वर करा. सात हात वर झाले. माझा खाली होता, आणि अजून तिघांचे. येसूबाई प्लास्टिकच्या खुर्चीवरून गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

“वासाचं बोललात तेव्हा मी ऐकलं, कारण ते खरं होतं. दोन महिने घासलं, धुतलं, शिकले. आता तुम्ही म्हणता वासाचा प्रश्नच नव्हता. ठराव लिहून घ्या, गुप्तेसाहेब. आणि खाली हेही लिहा की येसूबाई जगताप तो पाळणार नाहीत. सही करायला मी आत्ता तयार आहे.”

गुप्त्यांनी ते लिहिलं नाही. ठराव तेवढा लिहिला.

मग नोटिसा सुरू झाल्या. पहिली आली, येसूबाईंनी तिच्यावर गुजरातीत ‘मिळाली, मान्य नाही’ असं लिहून तारीख टाकली आणि परत पाठवली. दुसरीचंही तेच. तिसरी द्यायला दिवाळीच्या आधी गुप्ते स्वतः वर आले. माझं दार उघडं होतं. रिसालदार उंबऱ्याशी येऊन त्यांच्या चपलेचा वास घेत होता.

“आत या,” येसूबाई म्हणाल्या. “गॅलरीपर्यंत चला. नाकाने बघा.”

“मला आत यायचं नाही.”

“मग इथूनच घ्या वास.”

गुप्ते तिथेच उभे राहिले. त्यांनी श्वास घेतला, ते मला दिसलं, घ्यावाच लागला असावा. नोटीस चपलांच्या कपाटावर ठेवून खाली गेले. येसूबाईंनी पेन शोधलं, तारीख टाकली आणि ती नोटीस माझ्या हातात दिली.

“मंदाताई, खाली जाताय ना भाजीला? त्यांच्या पेटीत टाका.”

मी टाकली. चौथी आली नाही.