येळवसेचे चारशे लिटर

पंचशीलाताईला बसलेलं मी सात वर्षांत एकदाच बघितलंय. तेबी येळवसेला, दुपारी साडेतीनच्या पुढं.

मी संगमेश्वर, औशाचा. कंपनीचा दुधाचा टँकर चालवतो. कंपनी लई मोठी हाय. चार राज्यांत प्लांट. आमचा प्लांट नांदेड रोडला. दुधाची पावडर करायचा त्याचा मनोरा लांबून दिसतो, आन आत पिशव्या अशा भराभरा भरून निघतात की बघणाऱ्याचे डोळे फिरतात. पर तिथवर दूध येतं ते पंचशीलाताईसारख्यांच्या हातून. अहमदपूरच्या अलीकडं फाट्यावरून आत गेलं की तिचं गाव. समाजमंदिरामागं पत्र्याच्या खोलीत कंपनीची थंड टाकी बसवलीय. लोक सकाळ-संध्याकाळ दूध आणतात, ताई वास घेते, फॅट बघते, मापते, ओतते. टाकी दूध चार अंशावर आणते. चारच्या वर असलं तर माझ्या टँकरला चढत न्हाई, नियम हाय.

खोलीत एक लाल खुर्ची हाय. तिच्यावर रजिस्टर असतं. ताई आपली उभी. कॅन विसळ, फरशी धू, टाकीवरचा आकडा बघ, दारात जाऊन रस्ता बघ, परत आकडा बघ. "अवो ताई, टेका की जरा," म्हटलं की म्हणणार, "टेकायला काय झालंय मला?" तिला बघून माझेच पाय दुखायचे, खरं सांगतो.

एकदा मी तिला म्हटलं, एवढं काय हाय ह्या टाकीत? पगार तर कंपनी देती चिमूटभर. तवा ती कॅन घासता घासता बोलली. तिच्या लहानपणी त्यांच्या वस्तीत दोन गाई होत्या. गावातल्या हॉटेलात वस्तीचं दूध चालत नव्हतं. आय तिची चरवी घेऊन अहमदपूरला जायची, जिथं कुणी वळखत न्हाई तिथं घालायची. "आता बघा," ती म्हणली, "सगळ्या गावाचं दूध ह्या एका टाकीत. माझ्या हातानं. कुणाचं कुठलं, काढून दाखवा बरं वेगळं!" असं म्हणून एवढी हसली की मलाबी हसू आलं. पर त्या हसण्याखाली धाकधूक होती. टाकी गेली तर जो तो आपापल्या दुधाचं बघणार, आन वस्तीच्या चरव्या परत लांबच्या वाटेला लागणार.

आन टाकी जायची येळ आलीच होती.

कंपनीचा नियम असा: रोज दुपारी दोनला टाकीतला आकडा आपोआप हेड ऑफिसला जातो. एका महिन्यात तीनदा चारशे लिटरच्या खाली गेला, की टाकी उचलायची आन दुसऱ्या गावात बसवायची. त्या महिन्यात दोनदा गेला होता. एकदा विजेची डीपी जळाली आन टाकी बंद पडली म्हणून, आन एकदा जनावरांना लाळ्या-खुरकुताची लस टोचली, तवा दूध आटलं म्हणून. तिसरा दिवस येऊन राहिला होता तो येळवसेचा.

येळवस म्हंजे वेळ अमावस्या. लातूरकडं त्या दिवशी घरात कुणी सापडत न्हाई. दुकानं बंद, रस्ते ओस, सगळे शेतात. कडब्याची कोप, म्हंजे खोपटी करायची, तिच्यात पूजा मांडायची, सगळ्या भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, आन ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबिल. रस्त्यानं जाणाऱ्यालाबी हाक मारून जेवायला बसवायचं. आता सांगा, असल्या दिवशी दुधाची किटली घेऊन गावात कोण येणार? आदल्या दिवसापासूनच दूध खिरीला, ताकाला घरात राहतं.

ताईनं आमच्या साहेबाला फोन लावला. राघवेंद्र साहेब, लातूरचेच, स्वतः दरसाल आंबिल पिणारे. ते म्हणले, "ताई, मला कळतं हो, पण सिस्टीमला नाही ना कळत! सिस्टीममध्ये दिवाळी आहे, होळी आहे, येळवस नाही. ती वरच्यांनी कधी ऐकलेलीच नाही. माझ्या हातात असतं तर..."

पुढचं ताईनं ऐकलं न्हाई. फोन ठेवला आन माझ्याकडं बघितलं.

मी आपला शहाणपणा केला. म्हटलं, "सोपं हाय. आदल्या दिवशी मी टाकी पुरी उपसत न्हाई. तीनशे लिटर आतच ठेवतो. दुसऱ्या दिवशी वर नवं ओता. कोण बघतंय?"

आरारा, काय भडकली बाई! "शिळं दूध? माझ्या टाकीत? उद्या कुणाच्या लेकराला जुलाब लागले तर नाव कुणाचं निघंल, तुमचं का माझं? वस्तीच्या बाईनं बाटवलं म्हणतील, संगमेश्वर भाऊ. वाटच बघून राहिलेत काही जण." मला झोंबलं, पर बाई खरं बोलली होती.

रोज मी दोनच्या पुढं टाकी उपसायला येतो, पर येळवसेला ताईनं बोलावलं म्हणून सकाळी आठलाच टँकर घेऊन पोचलो. तिकडं औशाला माझी बायको शेतात माझी वाट बघून राहिली होती, इकडं मी! डोक्यात नुसती चिडचिड. टाकीवर आकडा एकशे दहा. आदल्या संध्याकाळी एवढंच आलं होतं. गावात चिटपाखरू न्हाई. ताई दारात स्कूटी चालू करून उभी. दोन बाजूंना दोन कॅन बांधलेले, पिशवीत नमुन्याच्या बाटल्या.

"दूध हाय भाऊ," ती म्हणली. "म्हशी काय येळवस पाळत न्हाईत. माणसं तेवढी येत न्हाईत. आपुन जायाचं."

मी कुणाचीतरी मोटरसायकल मागून घेतली, माझ्याबी मागं दोन कॅन. शेताशेताला जायाचं, कॅन भरले की पळत येऊन टाकीत ओतायचे, परत पळायचं. ऊन चढून राहिलं होतं. डिसेंबर असला तरी दुधाला किती येळ धीर धरवणार?

आन शेतात गेल्यावर वेगळीच तऱ्हा. ताई बांधावर थांबायची आन तिथूनच हाक द्यायची, "दूध हाय का ऽ ऽ?" माणसं धावत यायची. "आगं आत ये की पंचशीला! कोपीत बस, आंबिल घे!" ही म्हणायची, "घाई हाय, घाई हाय." येळवसेला न्हाई म्हणणं म्हंजे माणसाच्या तोंडावर मारल्यागत. मग तिच्या वाटचं खायला मी! एका शेतात भज्जी, दुसऱ्यात धपाटे, सगळीकडं आंबिल. तिची टाकी भरून राहिली होती आन माझं पोट. दहाव्या शेताला मी हात जोडले तर एक म्हातारा म्हणला, "ड्रायव्हर, पिल्याबिगर दूध न्हाई बरं का!" पिलो. काय करता!

एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात आली. चोवीस शेतं झाली, पर ताईचा पाय एकाबी बांधाच्या आत पडला न्हाई. दूध बांधावर घ्यायची, नाक लावायची, बाटलीत नमुना, त्यावर नंबर, चला.

एक वाजला. टाकीवर तीनशे बावन्न. अठ्ठेचाळीस कमी, आन एकच मोठं शेत राहिलं: ओढ्यापलीकडं लक्ष्मीबाईचं. नऊ म्हशी. म्हातारी सत्तरीच्या पुढची, गावात शब्दाला वजन.

"सगळ्यात मोठं शेत शेवटाला ठेवतात का कुणी?" मी वैतागून म्हटलं. "सकाळीच गेलो असतो तर आता निवांत असतो!"

ताईनं ओढ्याच्या अलीकडंच गाडी थांबवली. उतरली. चार पावलं पुढं, चार पावलं मागं.

"त्या बांधावर माझी आय उभी राह्याची," ती म्हणली. "दर येळवसेला. बाकी सगळे कोपीत, आमी बांधावर. मी सहा वर्षांची होते. लक्ष्मीबाईनं वरून आंबिल वतली, आयनं वंजळ धरली. वंजळीतून गळून माझ्या फ्रॉकवर सांडली. घरी जाईस्तोवर वास येत होता. बस म्हणलं न्हाई कुणी. तवापासून मी कुणाच्या बांधाच्या आत गेले न्हाई आन आंबिल तोंडाला लावली न्हाई. तुमी जा. मी हितंच हाय."

मी कॅन उचलले आन गेलो. लक्ष्मीबाई कोपीपुढं बसली होती. हिरवंगार लुगडं, कपाळाला मोठं कुंकू. मी दूध मागितलं.

"ती कुठंय?" म्हातारीनं विचारलं.

"ओढ्यापाशी."

म्हातारीनं तिकडं बघितलं. मग म्हणली, "जा. तिला म्हणाव, लक्ष्मीबाई बांधावर दूध देत न्हाई."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढं वय झालं, आजून तोच ताठा! मी तिथलं पाणीसुद्धा पिलो न्हाई. ओढ्यावर येऊन ताईला म्हटलं, "देत न्हाई म्हणती." तिनं मान हलवली, जशी काय तिला ठाऊकच होतं. आमी रिकामे कॅन घेऊन परत आलो.

मग ती खोलीतली तगमग! ताई आकडा बघायची, दारात जायची, परत आकडा बघायची. आकडा काय बघून वाढतो? तीनशे बावन्न ते तीनशे बावन्नच. दीड वाजला. पावणेदोन वाजायला आले. मला रडू यायचं बाकी होतं. ती मात्र फडकं घेऊन पुसलेली टाकी परत पुसून राहिली होती. "नेतील तवा घाण दिसाया नको," म्हणली.

तेवढ्यात बाहेर घुंगरं वाजली.

बैलगाडी. गाडीत गोणपाटात गुंडाळलेले दोन कॅन, आन कॅनांना धरून लक्ष्मीबाई. मांडीत तांब्या. गडी बैल हाकत होता. म्हातारी उतरली आन पहिल्यांदा माझ्याच अंगावर आली.

"काय रे ड्रायव्हर, निरोप काय दिलास तू? देत न्हाई म्हणलास? म्या 'बांधावर देत न्हाई' म्हणलं! पहाटं धारा काढल्यापासून कॅन हिरीत सोडून ठेवलेत, गार राहावं म्हणून. हिला लागणार हे मला कळत न्हाई व्हय? गडी मोकळा झाला तवा गाडी जुपली. दूध जिथं घालायचं तिथंच आणून घालणार. बांधावर न्हाई."

मला जमिनीत जावंसं वाटलं. पर ताई हलली न्हाई. तिनं झाकण उघडलं, नाक लावलं. मग नळीत थोडं दूध घेतलं आन दिव्यावर उकळायला धरलं. आंबलेलं असलं तर उकळताना फुटतं. दोन वाजायला नऊ मिनिटं! मी वरडलो, "ओता की ताई आता!"

"फुटलं तर परत न्यावं लागंल, बाई," ताई म्हातारीला म्हणली.

"नेईन की," म्हातारी म्हणली.

फुटलं न्हाई. मापलं, एकावन्न लिटर भरलं. ओतलं. टाकीवर चारशे तीन. दोन वाजता आकडा गेला. मी दारात जाऊन लहान पोरागत उडी मारली.

लक्ष्मीबाई निघंल असं वाटलं होतं. निघाली न्हाई. तिनं लाल खुर्चीवरचं रजिस्टर उचलून खिडकीत ठेवलं आन स्वतः पायरीवर बसली. शेजारी तांब्या ठेवला. आंबिल होती.

"तुमीच वाढली होती, आयला. वरून," ताई म्हणली.

"हाव. मीच," म्हातारी म्हणली. "तवा तुझी आय उभी होती, आन म्या बस म्हणलं न्हाई. आता तिला म्हणता येत न्हाई. तुला म्हणते. बस."

ताईनं टाकीकडं बघितलं. सकाळपासून नवं नवं दूध पडत राहिल्यानं गारव्याचा आकडा चढला होता, चौदा अंश.

"चारवर आलं की बसते," ती म्हणली.

"मी थांबते," म्हातारी म्हणली.

आन थांबली. बारा झालं. नऊ झालं. ताई उभी राहून कॅन धुत होती, म्हातारी पायरीवर, मी टँकरच्या चाकापाशी. घड्याळात साडेतीन वाजले. सात, सहा, पाच. माझा फोन चारदा वाजला, बायकोचा. मी उचलला न्हाई.

मग चारचा आकडा लागला. ताईनं हात पदराला पुसले, लाल खुर्ची बाजूला सारली आन पायरीवर, म्हातारीच्या शेजारी, बसली. घरातून आणलेला आपला स्टीलचा गिलास पुढं धरला. आंबिल तवर लई आंबट झाली होती. तिनं दोन गिलास पिली, आन तिसरा त्याच गिलासात भरून लक्ष्मीबाईला दिला.