दाढ काढणार नाही म्हणजे नाही!

तळा गावात दातांचा दवाखाना काढला तेव्हा वाटलं होतं, दिवसभर लोक आ करून बसणार, गप्पा कसल्या! पण इंजेक्शन चढेपर्यंत दहा मिनिटं मिळतात ना, तेवढ्यात किस्से साठतात. माझे बहुतेक भांडणाचेच. कारण इथे दात दुखला की एकच उपाय, उपटा!

*

एक काका आले. "मॅडम, ह्यो काढा. आन् शेजारचा पन काढा, पुन्यांदा यष्टीचा खेटा नको!"

"शेजारचा दुखतोय?"

"न्हाय. पन दुखंल की!"

"काका, बैलाचं एक शिंग मोडलं तर दुसरंही कापता काय?"

काका फुगले. फुगू देत! दुखरा भरून दिला, शेजारच्याला हातसुद्धा लावला नाही.

*

आमचे एक सीनियर सर. त्यांच्याच हाताखाली मी शिकले. कीड काढताना दाताची नस उघडी पडली तर ते तिच्यावर कॅल्शियमचा लेप देतात. स्वस्त आणि झटपट, पण पुढे कधी कधी तो खालून विरघळतो. मी त्याऐवजी एमटीए नावाचं नवं मटेरियल वापरते. महाग, घट्ट व्हायला तास न् तास, पण बसतं पक्कं.

सर फोनवर चिडले. "अगं, ते घट्ट होईपर्यंत तुझा पेशंट बोर्लीला पोचेल!"

"पोचू दे सर. दात जिवंत घेऊन पोचेल!"

फोन कट.

*

महादू गवंडी लेकीला घेऊन आले. कोमल सैन्यभरतीची तयारी करतेय, आणि तिथे मेडिकलला दातही मोजतात. खालची दाढ खोल किडलेली. साफ केली तर तळाशी लाल ठिपका. नस उघडी!

"काढून टाका," महादूभाऊ म्हणाले.

"नाही काढणार. भरतीला एक दाढ कमी घेऊन पाठवता पोरीला?"

मी काचेवर एमटीएची पावडर कालवायला घेतली. ते मागून वाकून बघत होते.

"शिमिट हाय काय?"

"तसलंच."

"मग पानी जास्त झालंय."

झालंच होतं! मुकाट्यानं पुसून नवीन कालवलं. ते ओलाव्यानंच घट्ट होतं, म्हणून वर ओला कापूस ठेवला, तेव्हा कुठे त्यांची मान हलली. "क्युरिंग! आता कसं!" जाताना लेकीला दम दिला, "त्या बाजूनं चावशील तर बघ!"

*

सहा महिन्यांनी कोमल वडिलांबरोबर तपासणीला आली. दाढेला बर्फ लावायचा. झिणझिण आली नि गेली तर दाढ जिवंत. काहीच नाही लागलं, तर बहुतेक मेली.

बर्फ लावला. कोमल ढिम्म. पुन्हा लावला. नजर समोर, पापणीसुद्धा हलेना. महादूभाऊ खालीच बघायला लागले.

"कोमल, काहीच नाही लागत?"

"लागतंय की मॅडम! दोन्ही वेळा झिणझिण आली नि गेली."

"मग ओरडली का नाहीस गं बये?"

"मॅडम, भरतीला ओरडणारी घेतात काय?"