कारणाचा रकाना

मी पाच वेळची नमाज पढणारी बाई, पण त्या आठवड्यात अल्लाहवर रुसले होते. सासूबाईंनी ठरवलं होतं, माझ्या सात वर्षांच्या लेकीचा खतना करायचा. आमच्या छोट्याशा जमातीत मुलींच्या नाजूक जागी ब्लेड चालवतात आणि वर त्याला धर्म म्हणतात. मी तिच्याएवढी असताना आईनं मला ‘बांगड्या भरायला चल’ म्हणून नेलं होतं. बांगड्याही भरल्या, पण नंतर. तो दगा आठवला की आजही डोकं भणाणतं. आता तीच थाप मी माझ्या लेकीला मारायची! पुरुषांना यातलं काही सांगायचं नाही, हाही रिवाजच. नवरा लक्ष्मीपुरीतल्या दुकानात खिळे-बिजागऱ्या विकत होता, त्याला पत्ताही नव्हता. मी नको म्हटलं, तर सासूबाई म्हणाल्या, “चार बुकं शिकलीस म्हणून आम्हाला धर्म शिकवतेस?” मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याची मला अजून चीड येते.

ठरल्या दिवशी ते काम करणारी बाई बाहेरगावाहून आली. सासूबाईंनी मला कसबा बावड्यातल्या शाळेतून लेकीला शाळा सुटायच्या आधीच आणायला पाठवलं. रिक्षात मी दुआ मागत होते की भांडत होते, कोण जाणे. तुझ्या नावावर हे चाललंय, तुला दिसत नाही का?

शाळेत शिपाई मावशींनी रजिस्टर पुढं केलं. मूल लवकर न्यायचं तर पालकांनी कारण लिहून सही करायची, असा तिथला नियम होता. मी नाव लिहिलं, वेळ लिहिली आणि कारणाच्या रकान्यापाशी पेन अडलं. बांगड्यांची थाप लिहायला हात धजेना. खरं लिहावं, तर तो शब्द मी जन्मात कधी कागदावर लिहिला नव्हता.

“लिवा की वैनी,” मावशी म्हणाल्या. “दवाखाना हाय? लगीन हाय?”

मी मानेनंच नाही म्हटलं.

“लिवण्यासारखं न्हाय व्हय?” त्या माझ्याकडं बघत राहिल्या. “मग न्हेऊ नगा पोरीला. बसू दे वर्गात, पाढे चाललेत.”

मी पेन ठेवलं आणि शाळा सुटेपर्यंत बाकावर बसून रडले. आईचा, सासूबाईंचा, सगळ्यात जास्त माझाच राग येत होता. शाळा सुटल्यावर लेकीला घेऊन थेट दुकानात गेले. तिला बाहेर गल्ल्यापाशी बसवलं आणि मागच्या खोलीत नवऱ्याला सगळं सांगितलं, माझ्या बांगड्यांसकट. तो पांढराफटक पडला. शटर ओढून आमच्याबरोबर घरी आला आणि म्हणाला, “अम्मा, माझ्या पोरीला कुणी हात लावायचा नाही.” ती बाई चहा पिऊन परत गेली. सासूबाई वर्षभर माझ्याशी बोलल्या नाहीत. बरंच झालं.

मी अल्लाहकडं मोठा चमत्कार मागितला होता. त्यानं एक रजिस्टर आणि एक मावशी पाठवली. मावशींना स्वतःला सहीपुरतंच लिहिता येतं, हे मला पुढं कळलं. तेव्हापासून मी सगळं त्याच्यावर सोपवते, फक्त त्याच्या नावानं ब्लेड घेऊन येणाऱ्यांवर नाही.

लेक आता दहावीत आहे. परवा तिला हे सगळं सांगितलं. तिनं विचारलं, “मग त्या रकान्यात काय लिहिलंस?” काहीच नाही, म्हटलं, रिकामाच राहिला. तिनं आपली वही माझ्यापुढं सरकवली. म्हणून आज हे लिहिलं.