महिना आणि सव्वा महिना

माझी लेक सातव्या महिन्यात झाली. आमच्याकडे म्हणतात, सातव्याचं जगतं, आठव्याचं जगत नाही. बारामतीच्या दवाखान्यात ती काचेच्या पेटीत होती तेव्हा भेटायला येणारा प्रत्येक नातेवाईक मला हेच ऐकवायचा आणि मोठं काम केल्यासारखा चहा प्यायला निघून जायचा. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे आधीच सांगून ठेवते. जगतं म्हणजे काय, कसं जगतं, हे त्यांना विचारावंसं वाटायचं. पण पोटाला टाके होते, आणि पेटीपासून हलायची माझी तयारी नव्हती.

जवळजवळ तीन आठवडे ती पेटीत राहिली. नाकात ऑक्सिजनची नळी, डोक्यावर लिंबाएवढ्या गोंड्याची लोकरीची टोपी. मग एके दिवशी वजन पुरेसं भरलं आणि घरी न्यायला सांगितलं. सिस्टरनी सूचना दिल्या. दर दोन तासांनी दूध पाजा, पाय उघडे ठेवू नका, लोहाचे थेंब चुकवू नका. आणि जन्मल्यापासून महिना भरायच्या आत डोळ्यांच्या पडद्याचा फोटो काढायला आणा, दर बुधवारी पुण्याहून मशीन येतं. मी विचारलं, डोळ्यांना काय झालंय? "झालं काही नाही. लवकर जन्मलेल्यांचं बघावं लागतं," त्या म्हणाल्या. तेवढ्यात आतून दुसऱ्या बाळाचं यंत्र वाजायला लागलं आणि त्या पळाल्या. लोहाचे थेंब आणि डोळ्यांचा फोटो, दोन्ही एकाच सुरात सांगून झालं होतं.

पहिलं बाळंतपण, त्यामुळे मी माहेरी गेले. माहेर इंदापूर तालुक्यात, भिगवणच्या पुढं, उजनीच्या पाण्याकाठी. भावाची पेरूची बाग, मांडवावर दोडका-कारली. आजोबांपर्यंत मात्र आमची मेंढरं होती. माझी आई मेंढरांमागे चालत वाढलेली बाई. अवेळी जन्मलेली किती तरी कोकरं तिनं घोंगड्यात गुंडाळून, अंधाऱ्या कोपऱ्यात चुलीच्या उबेला ठेवून जगवली होती. पुढं मेंढरं गेली आणि तिचा हात माणसांच्या लेकरांवर बसला. गावात कुणाचंही बाळंतपण असो, बाळाला अंघोळ घालायला आईच. पसरलेल्या पायांवर बाळ घेऊन ती तेल जिरवायला लागली की रडणारं पोर गप्प व्हायचं. शेजारणी म्हणायच्या, हिच्या हातात गुंगीचं औषध आहे. तेव्हा आईला जो गर्व व्हायचा तो मला लहानपणापासून आवडायचा.

उंबऱ्यावर भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि तिनं माझ्या लेकीला हातात घेतलं. मी लगेच बुधवारचं सांगितलं. ती हसली.

"सव्वा महिना झाल्याबिगर बाळाला भायेर काढत्यात व्हय?"

"आई, डॉक्टरांनी महिन्याच्या आत सांगितलंय. आत्ताच तीन आठवडे झाले."

"कसलं तीन आठवडं? पेटीतलं दिस मी धरत न्हाय. तवर ती पोटातच व्हती म्हणायची. कच्चं कोकरू असंच असतंय, उभं ऱ्हायलं की तवापासनं दिस मोजायचा. आज घरी आली. आजपासनं सव्वा महिना."

मी भांडले. भांडण्यात मी कमी नाही. पण अंगात त्राण नव्हतं, गाडी भावाची होती, आणि माझ्या बाजूनं बोलणारं कुणी नव्हतं. नवऱ्याला फोन केला. तो मोरगावकडचा, तिथं सासूबाईंनीही तेच सांगितलेलं, लहान जीव आहे, वारं लागेल. "तुझ्या आईनं अख्ख्या गावाची पोरं मोठी केलीत," तो म्हणाला. शेवटी आईनं लेकीला दिव्याजवळ नेलं आणि मला म्हणाली, "डोळं बघ की कसं टपोरं हायत. फोटू काय, मागनं बी निघंल. बुधवार काय एकच असतोय व्हय?"

खिडकीला गोणपाट लावलं. खोलीत शेगडी, ओवा-शेपाची धुरी, आणि कोपऱ्यात समईएवढा उजेड. आई रात्रंदिवस आमच्या दोघींपाशी. मला डिंकाचे लाडू, लेकीला तेल. लेकीच्या मांड्यांना वळ्या पडायला लागल्या, रडणं खणखणीत झालं. दूध पिताना ती माझ्याकडे बघत नव्हती, पण आई म्हणाली सातव्याचं उशिरा बघतं, आणि मला ते पटलं. त्या अंधारात मी फार सुखात होते. आजही ओव्याचा वास आला की आधी ते सुख आठवतं, आणि मग बाकीचं.

सव्वा महिना भरला. आईनं मला न्हाऊ घातलं, लेकीला नवं अंगडं-टोपडं घातलं, आणि आम्ही शिवेवरच्या सटवाईला निघालो. आमच्यात बाळाला पहिल्यांदा तिथंच नेतात. उन्हाळा सुरू झाला होता, दुपारचे बारा वाजत आलेले. आईनं लेकीला देवीपुढं धरून टोपडं मागं सारलं. ऊन थेट तोंडावर पडलं. माझेच डोळे दिपले होते. इतक्या दिवसांनी बाहेर आले होते ना.

लेकीनं डोळे मिटले नाहीत. पापणीसुद्धा हलली नाही. ती मजेत मुठी चोखत, सरळ उन्हाकडे तोंड करून पडली होती.

मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. आईला वाटलं. तिचा चेहरा माझ्या देखत उतरला. तिनं लेकीच्या डोळ्यांवर हाताची सावली धरली, काढली, परत धरली. मग वाकून बुबुळात बघितलं. नारळ फोडायचा राहिला होता. तो तसाच देवीपुढं ठेवून ती भावाला म्हणाली, "गाडी काढ. बारामतीला चल."

"आत्ता? जेवणं—"

"आत्ता म्हणलं ना."

सगळ्या वाटेत तिनं लेकीला छातीशी धरून ठेवलं. तिच्या हाताची हळद लेकीच्या नव्या अंगड्याला लागत होती.

वार बुधवारच होता. लहान बाळांचा डोळा कसा तपासतात ते मी त्या दिवशी पाहिलं. आधी थेंब टाकून बाहुली मोठी करतात. मग बाळाला दुपट्यात घट्ट बांधतात, जिभेवर साखरेच्या पाण्याचा थेंब देतात, पापण्या उघड्या राहाव्यात म्हणून तारेचा बारीक चिमटा लावतात, आणि जाड पेनासारखा कॅमेरा बुबुळावर अलगद टेकवतात. डोळ्याच्या आतला पडदा समोरच्या स्क्रीनवर दिसतो. आमच्या आधीच्या बाळाचा मी दारातून पाहिला होता. पिकल्या संत्र्याच्या रंगाचा गोळा, त्यावर लालसर नाजूक शिरा. बघत राहावं असं होतं ते.

माझ्या लेकीच्या उजव्या डोळ्यात संत्र्याचा रंग नव्हताच. पांढुरकी, चुरगळलेल्या फडक्यासारखी घडी होती. डाव्यात एका कडेला थोडा रंग उरला होता.

डॉक्टर तरुण होते. "किती दिवसांची?" त्यांनी विचारलं.

"सव्वा महिन्याची," आई म्हणाली.

त्यांनी कार्डाकडे पाहिलं. "आजी, दोन महिने होत आलेत."

"पेटीतलं दिस धरलं न्हाईत, सायेब. ती तवा पुरी झाली नव्हती ना."

डॉक्टर ओरडतील असं मला वाटलं. मला तर त्यांनी ओरडायलाच हवं होतं. पण ते स्टूल ओढून आईसमोर बसले. "वजन-उंची बघताना आम्हीही ते दिवस वजा करतो, आजी," ते म्हणाले. "डोळ्यांचे तेवढे जन्मापासून धरतो." मग त्यांनी समजावून सांगितलं. लवकर जन्मलेल्या बाळाच्या पडद्यावर रक्ताच्या शिरा कडेपर्यंत पोचलेल्या नसतात. बाहेर आल्यावर काहींच्या भलत्याच वाढायला लागतात आणि पडद्याला ओढून सोडवतात. हे वरून दिसत नाही, डोळे टपोरेच दिसतात. फोटोत मात्र ती वाढ सुरुवातीलाच दिसते, आणि तेव्हा लेसर केला तर बहुतेक मुलांची नजर वाचते.

"आन् आता?" आईनं विचारलं.

आता पुणं, ऑपरेशन, आणि जे वाचेल ते. डाव्या डोळ्याला उजेड-अंधार कळण्याइतकं वाचलं. उजव्यात काहीच नाही.

त्यानंतर वर्षभर मी आईशी बोलले नाही. सिस्टरवर राग होता, नवऱ्यावर होता, सासूवर होता, पण ते सगळे राग येऊन-जाऊन असायचे. आईवरचा राग मुक्कामाला होता, कारण तिच्याइतकी माया माझ्या लेकीवर दुसऱ्या कुणी केलीच नव्हती. मायेवर रागावायचं कसं हे कुणी शिकवत नाही. नवऱ्याला बारामतीत कारखान्यात काम मिळालं, आम्ही खोली घेतली. आई एसटीनं यायची, पेरूंची पिशवी दारात ठेवायची, लेकीला मांडीवर घेऊन तास-दोन तास बसायची आणि निघायची. मी चहा द्यायची. साखर किती हे विचारायला लागू नये म्हणून आधीच घालून द्यायची.

भावाकडून कळलं की आईनं बाळांना अंघोळ घालणं सोडलं. लोक बोलवायला येतात, ती हात दुखतात म्हणून सांगते. तान्ह्या मुलाच्या घरावरूनसुद्धा जात नाही, वळसा घालते. मला ऐकून बरं वाटायला हवं होतं. मी त्या दिवशी भाजी चिरता चिरता खूप रडले. हळूहळू आम्ही बोलायला लागलो, पण पेरू, पाऊस, एसटीची वेळ एवढंच. त्या सव्वा महिन्याबद्दल दोघींनीही अवाक्षर काढलं नाही.

परवा, म्हणजे लेक पाच वर्षांची झाल्यावर, वहिनीला दुसरा मुलगा झाला. नऊ महिने पुरे, वजन भरलेलं, दणकट. बारशाच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच आईचा फोन आला. "मी बारामतीला आलीया. दवाखान्यात ये. पोरीला घिऊन ये."

मी लेकीला घेऊन गेले तर आई बाकावर बसलेली, मांडीवर तेरा दिवसांचा नातू. ना कान झाकलेले, ना काजळाची तीट. भर उन्हात, एसटीनं घेऊन आली होती. वहिनी घरी रडत होती म्हणे, आणि भाऊ फोनवर फोन करत होता. बुधवारच्या मशीनवरचा मुलगा नवा होता. तो हात जोडून सांगत होता, "आजी, पूर्ण दिवसांच्या बाळाला याची गरज नसते."

"असू दे. काढा."

"पण डॉक्टरांनी लिहून—"

"मी उठणार न्हाय हितनं."

शेवटी त्यानं डॉक्टरांना फोन लावला. ते आमचे जुनेच डॉक्टर. आई कोण ते कळल्यावर त्यांनी काय सांगितलं माहीत नाही, पण मुलानं फोन ठेवला आणि थेंबांची बाटली घेतली. नातवानं आरडून दवाखाना डोक्यावर घेतला. आईनं त्याचं डोकं दोन्ही हातांत धरलं होतं. पाच वर्षांनी तिचे हात तान्ह्या बाळाला लागलेले मी पाहत होते. स्क्रीनवर संत्र्याचा गोळा आला. शिरा थेट कडेपर्यंत गेलेल्या.

"एकदम छान आहे, आजी," मुलगा म्हणाला.

आई स्क्रीनकडे बघतच राहिली. मग माझ्याकडे न वळता तिनं विचारलं, "येळंवर आणलं असतं, तर आपल्या पोरीचा बी असाच आला असता?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे पाच वर्षं तयार होतं. कितीदा तरी मी ते मनात आईच्या तोंडावर फेकलं होतं. तेव्हाच माझ्या हाताला हिसका बसला. "माझा पन काढा की," लेक म्हणाली. तिला वाटलं, सगळ्यांचं चाललंय तर आपलं का नको. "आजी, यांला सांग, माझा काढा."

मुलानं माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांचं त्याला कळलं होतं. मी मानेनंच हो म्हटलं.

मोठ्यांचा कॅमेरा शेजारच्या टेबलावर होता. आईनं लेकीला उचलून स्टुलावर बसवलं, तिची हनुवटी पट्टीवर टेकवली आणि कपाळ पुढं धरून ठेवलं. मुलानं डाव्या डोळ्यासमोर कॅमेरा आणला. पांढराशुभ्र झोत चमकला. लेक दचकली आणि मग खुदकन हसली.

"आजी! दिसलं! केवढं मोठ्ठं होतं!"

आईचे हात तिच्या डोक्यावरच होते.

"परत," लेक म्हणाली.

त्यानं परत काढला. स्क्रीनवर तेच पांढुरकं, कडेला थोडासा रंग. तिकडे आम्ही कुणीच बघत नव्हतो.

"अजून एकदा. ए, अजून एकदा."

मागं बाकावर माणसं खोळंबली होती. "काढा," आई म्हणाली. त्यानं आणखी एकदा काढला.