फोटोची डावी बाजू

रविवारची दुपार, जेवण अंगावर आलेलं. छातीवर भाषणाचा कागद ठेवून मी आडवी होते. पाच वाजता टिपणीस सरांची शोकसभा आहे. त्यांच्या जनसंपर्क कचेरीत अठरा वर्षं प्रेस नोटा लिहिल्या, म्हणून चार शब्द मी बोलायचेत. पंखा फिरतोय. कागदावरच्या ओळी एकमेकींत मिसळायला लागतात आणि कुणीतरी तो कागद अलगद उचलतं.

टिपणीस सर कॉटच्या कडेला बसलेत. जाऊन अकरा दिवस झाले, तरी सफारीची इस्त्री मोडलेली नाही. वाळ्याच्या अत्तराचा तोच वास. पूर्वी आवडायचा, आज मी नाक दाबते. खिशातून स्टीलची पट्टी काढून ते माझं भाषण मोजतात. छापून आलेली प्रत्येक बातमी ते अशीच मोजायचे, वाचायचे क्वचित.

"बावीस सेंटीमीटर. बरं आहे. ‘संकटात सापडलेल्या उद्योगांचा आधार’, इथं ‘सारथी’ कर."

"सर, तुम्ही गेलात."

"म्हणून काय झालं? पत्रकार येणार आहेत ना?"

कॉट आता कचेरीतलं टेबल झालीय. टेबलावर तो फोटो. आमचं गिऱ्हाईक असलेल्या रंगाच्या कारखान्यातली खंडेनवमी: बॉयलरला झेंडूचा हार, पुढे ऑपरेटर एकनाथ गुंजाळ, हातात स्टीलचा पेला. डाव्या बाजूला त्याची बायको, कोकम सरबताचा जग घेऊन. पूजा झाल्यावर सगळ्यांना तिनंच सरबत वाटलेलं. चार महिन्यांनी तोच बॉयलर फुटला. एकनाथ गेला, आणखी दोघे गेले. दोन वर्षं बॉयलरची तपासणीच झाली नव्हती, हे सरांना ठाऊक होतं. मलाही. सरांनी फोटोवर पेन्सिलनं उभी रेघ मारली आणि मी कापला. बायको गेली, जग गेला, पेला राहिला. खाली मी लिहिलं, ‘ऑपरेटरला मद्याचं व्यसन असल्याची चर्चा आहे.’ सगळ्या पेपरांत आलं. सरांनी पट्टी फिरवली आणि पेढे मागवले.

पेढे! मी दोन खाल्ले होते.

"सभेत माझा फोटो कुठला लावताय?" सर विचारतात. "सत्काराचा लाव, मंत्री शेजारी आहेत तो. आणि अख्खा लाव हं. कडा कापू नकोस."

टेबलापलीकडे बाहेरच्या खोलीतला सोफा आलाय. त्यावर गुंजाळबाई, पेपरचं कात्रण हातात धरून, तेव्हा बसली होती तशीच. तेव्हा सर मागच्या दारानं निघून गेले होते आणि मी तिला दोन तास ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’ म्हणून सांगत होते.

"ताई," ती म्हणते, "ह्या फोटूत मी बी हुते. मला कुठं टाकलंत?"

सर हसतात. बड्या बड्यांना गार करणारं हसू.

"बाई, सरबत घेणार थोडं?"

आणि स्वतःच फोटोतला पेला उचलून तोंडाला लावतात. लाल ओघळ हनुवटीवरून सफारीवर उतरतो, ते पुसतही नाहीत. शी! या माणसाच्या पाया पडायचे मी दर दसऱ्याला.

"सर, तिला उत्तर द्या."

"मी काय देऊ? रेघ माझी होती. कात्री तुझी."

इतका वेळ मला त्यांची किळस येत होती. आता कात्री धरणाऱ्या माझ्या अंगठ्याची येते.

जाग येते तेव्हा साडेचार झालेत. भाषणाचा कागद कॉटखाली पडलाय. घामेजलेल्या तळव्याला काहीतरी चिकटलंय, ते मी सोलून काढते. फोटोचा तुकडा, चार बोटं रुंद, एका कडेला माझ्या कात्रीचा वाकडा काप. हा मी त्याच दिवशी कचऱ्याच्या टोपलीत टाकला होता, पक्कं आठवतंय. हिरव्या बांगड्यांचा हात, हातात जग. बाई कॅमेऱ्याकडे बघत नाहीये. मान वळवून शेजारच्याकडे बघून हसतेय, आणि तिच्या शेजारी कुणीच नाही.

मी साडी नेसते. कागद उचलायला वाकत नाही. पाच वाजता माईकसमोर उभी राहीन तेव्हा माझ्या हातात एवढा तुकडाच असेल.