भिंतीवरून परतलेला इलेक्ट्रॉन

तळघरातल्या लेझरवाल्या काकांनी तिचं नाव 'पणताई' ठेवलं होतं, कारण तिच्या प्रत्येक होकाराच्या शेपटाला एक 'पण' असे. घरी आई म्हणायची, "ही दार लावते, आणि मग दारालाच विचारते, नीट लागलंस ना?"

तिचं काम संगणकावर प्रकाशाचे झोत घडवण्याचं. रेणूच्या एका टोकाचा इलेक्ट्रॉन नेमका दुसऱ्या टोकाला जाऊन बसावा, यासाठी प्रकाश कसा चढवायचा, कसा उतरवायचा, हे संगणक हजारो आकार चाचपून सांगे. मग काका तोच झोत खऱ्या रेणूंवर सोडत. महिनोन्‌महिने खपून त्यांनी जमवलेला नमुना एवढासा होता. एकदा झडप उघडली की संपलाच.

परवा संगणकाने जवळजवळ शंभर टक्के यशाचा झोत काढला. ती इतकी हरखली, की काकांना नुसतंच "हो" म्हणून आली.

आज सकाळी दात घासता घासता तिचा ब्रश मध्येच थांबला. संगणकातला इलेक्ट्रॉन एका काल्पनिक खोक्यात राहतो. त्याच्या कडांना शोषून घेणारा थर द्यावा लागतो, म्हणजे रेणूतून निसटलेला इलेक्ट्रॉन निसटला असंच धरलं जातं. थर नसेल, तर तो भिंतीवर आपटून परत घरी येतो. मध्यंतरी हिशोब लवकर उरकावा म्हणून तिने थर काढला होता. परत घातला होता का?

ऑफिसात पोचेपर्यंत शर्टाची बटणं एक घर चुकलेली होती. थर नव्हता. संगणकाने लबाडी केली नव्हती. त्याला जिंकायला सांगितलं होतं, तो भिंतीच्या मदतीने जिंकला होता. तळघरात भिंत कुठून आणायची? अर्थात, भिंतीने फारसा फरक पडलाही नसेल. थर घालून तिने हिशोब पुन्हा लावला. तो सरकारी फाइलीच्या चालीने निघाला, आणि फोन वाजला.

"पणताई, सगळं तयार आहे. झडप उघडू?"

नुसत्या शंकेवर थांबवलं तर लेझर वापरायची काकांची पाळी वाया, आणि इमारतभर हसू. न थांबवलं तर नमुनाच गेला.

"पण काका..."

पलीकडे खुर्ची करकरली. "आलं एकदाचं! परवा नुसतं हो म्हणालात, तेव्हापासून माझा जीव खालीवर. झडपेला हातही लावलेला नाही."

"मग परवाच नाही का विचारायचं?"

"विचारायला फोनच केलाय ना, बाई!"

दुपारी आकडा आला. भिंत नसताना इलेक्ट्रॉन गेला तो गेलाच. यश निम्म्याहून कमी. शंका खरी ठरल्याचं समाधान तिला एक श्वासभर मिळालं. मग आठवलं, काकांची पाळी उद्या संपते.

थर ठेवूनच तिने संगणकाला नवा झोत शोधायला लावलं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुमारास एक मवाळ, दिसायला अगदी सामान्य झोत निघाला. यश जेमतेम तीन चतुर्थांश. ती स्वतः जिना उतरून गेली.

"सोडा."

काका थांबले. "आणि पण?"

"थर जाड करूनही पाहिलं. आकडा हलत नाही."

काकांनी झडप उघडली. तिने डोळे गच्च मिटले. इलेक्ट्रॉन तसाही दिसणार नव्हता.

"डोळे उघडा," बऱ्याच वेळाने काका म्हणाले, "बसला."

"नीट बसला ना?"

"आता ते त्यालाच विचारा," काका म्हणाले आणि स्टुलावर मटकन बसले.