पाच ते आठचा क्लास

आमचे हे गेले ते पुढच्या खोलीत, शिकवता शिकवता. मी मागे स्वयंपाकघरात होते. पडद्याआडून एक पोरगी ओरडली, "काकू, सर पडले." मी धावले, पण खोलीभर पोरं, दप्तरं... पाय ठेवायला जागा नव्हती. पोचेपर्यंत संपलं होतं.

सक्करदऱ्यातलं आमचं घर दोन खोल्यांचं. दार एकच, तेही पुढे. स्पर्धा परीक्षेच्या पोरांना हे इंग्रजीचे अवघड शब्द शिकवत. पाच ते आठ क्लास. मी बाहेर निघाले की हे बोलता बोलता थांबायचे, पोरं गुडघे आवळायची, सगळे माझ्याकडे पाहायचे. पुढे मी निघणंच सोडलं. हळदीकुंकू, भजन, शेजारणीकडचा चहा, सगळं त्याच वेळेत असतं. पास झालेली पोरं पेढे घेऊन यायची, तीही त्याच वेळेत.

शिकवण्याची पद्धत मात्र चांगली होती. शब्द नुसता पाठ करायचा नाही, ओळखीच्या माणसाला लावून दाखवायचा. कोणी इतवारीतल्या दुकानदाराला लावी, कोणी स्वतःच्या बापाला. एकदा शब्द आला 'इन्कार्सरेटेड'. बुटीबोरीहून येणारी प्रणाली म्हणाली, "सर, काकू." कोणी हसलं नाही. हे म्हणाले, "करेक्ट. पुढचा."

जेवताना मी विचारलं, "काय म्हणून राहिली होती ती पोरगी मले?"

"कैदेत असलेली."

"अन् तुम्ही काय म्हणलं?"

"बरोबर म्हणलं. शब्द बरोबर लावला तिनं."

"मंग स्वयंपाकघरातून मागं एक दार पाडून द्या."

"पोरायची परीक्षा होऊन जाऊ दे वं."

परीक्षा दरवर्षीच असते.

तेरवी झाल्यावर मुलाला म्हटलं, मिस्त्रीला बोलाव. तो म्हणाला, "आई, आता काहून पायजे दार? समोरचं मोकळंच आहे न."

खरं आहे. परवा शेजारच्या बायांनी भजनाला बोलावलं. साडेपाचला लुगडं बदलून निघाले, पडद्यापाशी आले आणि थांबले. पलीकडे नुसती सतरंजी होती, मला ठाऊक होतं. तरी वाटलं, त्यांचं वाक्य तुटेल... आठ वाजले तेव्हा बाहेर पडले. बाया भजन आटोपून परत येत होत्या.

"काहून वं, आली नाही?" एकीने विचारलं.

मी म्हटलं, "क्लास होता."